अश्लीलता मंचावर येते कुठून? मंडई आणि शंकरपट समित्यांना खुले पत्र

प्रति,
मंडई उत्सव समित्या व शंकरपट समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य,
तसेच त्यांना जागा आणि ना-हरकत देणारे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व पोलीस पाटील,
भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर जिल्हे

सप्रेम नमस्कार.

दिवाळीचा पाडवा झाला की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, गावोगावी मंडया (जत्रेसारखे गावचे उत्सव) भरू लागतात. भाऊबीजेला लेकी माहेरी आलेल्या असतात, सोयरेधायरे जमतात, दिवसा दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं होतात, रात्री नाटक. पुढे थंडीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात. या सगळ्याच्या महिना-दीड महिना आधी समिती बसते आणि रात्रीचा कार्यक्रम ठरवते. अलीकडे त्या बैठकीत ‘डान्स हंगामा’ या मुलींच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमाचं नाव हमखास निघतं. नाटक ठरलं तरी ‘मधात दोन-तीन गाणे टाका, नाहीतर पब्लिक बसत नाही’ अशी अट कंपनीला घातली जाते. हे पत्र त्या कार्यक्रमांबद्दल आहे. ते बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. नाचून पोट भरणाऱ्या बाईचा रोजगार बंद करणं हा कोणत्याच प्रश्नाचा उपाय नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे की त्या रात्री मंचावर जे काही घडतं ते समितीच्या बैठकीत आधीच ठरलेलं असतं, आणि बोभाटा झाला की दोष मात्र नाचणारीच्या चारित्र्याला लावला जातो. कोणाच्या तरी मोबाइलमधला अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो, चौकशी होते, आणि समितीचं उत्तर तयार असतं: ‘आमी त लावनीचा प्रोग्राम ठेवला होता, पोट्ट्याच तशा निंगाल्या.’ हे उत्तर खरं नाही. सुपारी (कार्यक्रमाचा ठेका) कशी दिली, मंच किती उंच बांधला, बल्ल्या (लाकडी खांब) कुठे गाडल्या, बॅनरवर काय छापलं, माइक कोणाच्या हातात दिला, यावर ती रात्र कशी जाणार हे ठरतं. यातली एकही गोष्ट नाचणारीच्या हातात नसते.

आधी पैशाचं पाहू, कारण बाकी सगळं तिथूनच सुरू होतं. समजा ५०,००० रुपयांत कार्यक्रम ठरला. ठेकेदार इसार घेतो. गाडीचं डिझेल, साउंड, लाइट, गायक, निवेदक आणि त्याचा स्वतःचा वाटा निघाल्यावर आठ मुलींसाठी १२,००० उरले, तर एकीच्या वाट्याला १,५०० येतात. त्यातही अनेकदा ठेकेदार निम्मेच हातावर ठेवतो आणि सांगतो, बाकीचे स्टेजवर कमवा. म्हणजे नोटा गोळा करा. एकदा मजुरी नोटांवर अवलंबून ठेवली की तिला मंचाच्या कडेला यावंच लागतं, वाकावं लागतं, नोट दाखवणाऱ्याकडे पाहून हसावं लागतं. दहाची नोट दाखवणारा मग तिला तीनदा खाली वाकायला लावतो, शंभरची दाखवणारा हात धरतो, आणि खाली बसलेली समिती ‘पब्लिक खूश आहे’ म्हणून समाधानी असते. समितीने सुपारी पाच हजारांनी कमी करून घेतली की ती तूट याच वाटेने भरून निघते. भाव पाडून घेतल्याचा आनंद मानणाऱ्या खजिनदाराने हे नीट समजून घ्यावं.

म्हणून करार लेखी करा. साध्या कागदावर केला तरी चालेल, पण दोन प्रती हव्यात आणि त्यावर कलावंतांपैकी किमान एकीची सही हवी. एकट्या ठेकेदाराची पुरत नाही. किती गाणी, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, मध्ये विश्रांती किती, हे त्यात लिहा. प्रत्येक कलावंताची रक्कम वेगळी लिहा आणि ती मंचावर चढण्याआधी तिच्या हातात किंवा खात्यावर द्या. पोशाख आणि गाणी कलावंत ठरवतील. समितीतल्या कोणाच्या फर्माइशीवरून ती बदलली जाणार नाहीत. प्रेक्षकांना बक्षीस द्यायचं असेल तर ते समितीच्या टेबलावर नाव लिहून द्यायचं, निवेदक ते वाचून दाखवेल, आणि शेवटी ती रक्कम सगळ्या कलावंतांत सारखी वाटली जाईल. सगळ्यात महत्त्वाची अट शेवटची: गैरवर्तनामुळे कलावंतांनी कार्यक्रम थांबवला तर पूर्ण मोबदला द्यावाच लागेल. ही अट नसली की बाकीच्या अटींना अर्थ उरत नाही. अंगावर हात पडल्यावरही ‘पैसे बुडतील’ या भीतीने नाचणं चालू ठेवावं लागतं, आणि पाहणारा समजतो की तिला चालतं.

नोटांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचं मतही लक्षात घ्या. बार आणि हॉटेलांतल्या नृत्यांसाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केला. त्यावर जानेवारी २०१९ मध्ये निकाल देताना न्यायालयाने अनेक जाचक अटी काढून टाकल्या, बक्षीस देण्याला मुभा दिली, पण नोटा उधळण्यावरची बंदी कायम ठेवली. तो कायदा तुमच्या मंडपाला लागू नसेल. पण उधळण्यात आणि देण्यात जो फरक न्यायालयाने केला तो गावाच्या मंडपातही करता येतो.

आता मंडप. मंचाची उंची बहुतेक ठिकाणी तीन फूट असते, कारण दोन ट्रॉल्या किंवा ड्रमवर फळ्या टाकल्या की तेवढीच होते. उभ्या माणसाने हात वर केला तर तो सात फुटांपर्यंत पोचतो. म्हणजे तीन फुटांच्या मंचावर कडेला आलेल्या मुलीच्या कमरेपर्यंत खालच्या माणसाचा हात जातो, आणि त्याच हातात मोबाइल असला की कॅमेरा तिच्या घागऱ्याखाली जातो. मंच साडेचार ते पाच फूट करा. मंचाच्या पुढच्या कडेपासून दहा फुटांवर बल्ल्यांची दुहेरी रांग गाडा, आडव्या बल्ल्या दोन ठिकाणी बांधा, एक गुडघ्याच्या वर आणि एक छातीपाशी. नुसती दोरी पहिल्याच गाण्याला खाली येते. आणि ती दहा फुटांची जागा रिकामी राहिली पाहिजे. होतं असं, की तिथेच समितीच्या पाहुण्यांचे सोफे मांडले जातात. गर्दी बल्ल्यांमागे राहते आणि पहिला हात सोफ्यावरून उठतो. त्याला अडवायची स्वयंसेवकाची हिंमत होत नाही. सोफे बल्ल्यांच्या मागे घ्या. सत्कारासाठी समोर लावलेल्या पायऱ्या सत्कार संपताच काढून टाका. मंचावर जायची वाट मागून एकच ठेवा आणि तिथे दोन जण उभे करा, त्यातली एक बाई असावी.

कपडे बदलायची खोली हा तर सगळ्यात दुर्लक्षित भाग. चार बल्ल्या आणि हिरवी जाळी लावली की समितीला वाटतं झालं काम. दिवसा ती जाळी बंद वाटते. रात्री आत बल्ब लागला आणि बाहेर अंधार झाला की आतलं सगळं दिसतं. पांढरा मंडपाचा कपडा लावला तर सावल्या दिसतात. चारही बाजूंनी जाड ताडपत्री लावा, खालची कड मातीने दाबा, वरून छतही झाका, कारण शेजारच्या झाडावर आणि ट्रॅक्टरच्या टपावर पोट्टे चढतात. बल्ब आत एक आणि बाहेर चारही कोपऱ्यांवर एकेक, म्हणजे बाहेर रेंगाळणारा उजेडात राहतो. जवळ शाळा किंवा समाजमंदिर असेल तर तिथलीच एक खोली द्या, आतून कडी लागते का हे आधी तपासा, खिडकीला कागद चिकटवा. तिथून वीस-तीस पावलांवर संडास, पाण्याची टाकी, उजेड. आठ जणींना रात्री बारा वाजता उघड्यावर जावं लागलं तर त्यांच्यामागे टॉर्च घेऊन जाणारे त्याच गावचे असतात. कार्यक्रमानंतर मुक्काम असेल तर तो एखाद्या घरी, जिथे बायामाणसं आहेत अशा ठिकाणी. नाहीतर गाडी मंचामागेच उभी ठेवून त्यांना लगेच रवाना करा.

प्रेक्षकांतले दिवे पूर्ण बंद करू नका. मंचावर झगझगाट आणि खाली काळोख असला की माणूस स्वतःला कोणी पाहत नाही असं समजून वागतो. दोन्ही बाजूंना एकेक हॅलोजन चालू राहू द्या. चेहरे दिसले पाहिजेत. शेजारी बसलेल्या काकाला आपण दिसतो हे कळलं की निम्मा आचरटपणा तिथेच संपतो.

निवेदकाला माइक देण्याआधी त्याच्याशी बोला. दोन अर्थांची वाक्यं, मुलीला ‘आयटम’, ‘माल’ म्हणणं, ‘कोनाले पायजे हे?’ असं गर्दीला विचारणं, हे त्याचं रोजचं भांडवल असतं. अंगाला हात लावायची परवानगी गर्दीला सर्वांत आधी त्याच्या माइकवरून मिळते. बॅनरचंही तसंच. इंटरनेटवरून भलत्याच नटीचा फोटो उचलून त्याखाली ‘मुंबईच्या हॉट बाला’ छापायचं आणि मग आलेल्या कलावंतांकडून लोकांनी तेच मागायचं. बॅनरवर कलावंतांची नावं, त्यांच्या संमतीचे फोटो आणि नाचाचा प्रकार एवढंच छापा.

कार्यक्रम थांबवायचा कसा, हे आधी ठरवलं नसेल तर ऐनवेळी कोणीच थांबवत नाही. म्हणून संध्याकाळीच साउंडवाला, लाइटवाला, निवेदक आणि कलावंतांची प्रमुख यांना एकत्र बसवून खूण ठरवा. प्रमुखाने दोन्ही हात वर केले की गाणं तिथेच बंद, मंडपातले सगळे दिवे चालू, कलावंत मागे. त्या माणसाला बाहेर काढेपर्यंत गाणं सुरू होणार नाही, अशी घोषणा निवेदकाने करायची. दुसऱ्यांदा तसंच झालं तर कार्यक्रम संपला. गाणं चालू ठेवून कोपऱ्यात समजूत घालायचा प्रयत्न कधीही यशस्वी होत नाही. आवाजात काही ऐकू येत नाही आणि बाकीच्यांना वाटतं की हे चालतं. त्या माणसाचं आडनाव काय, तो कोणाचा पुतण्या, यावर खूण बदलू नये. ध्वनिक्षेपकाची वेळ रात्री दहाची आहे. वर्षात ठरावीक १५ दिवसच ती राज्य सरकार बारापर्यंत वाढवू शकतं. वेळ पाळली तर दारूचा जोर वाढायच्या आत मंडप मोकळा होतो, हा फायदा वेगळाच.

कलावंतांपैकी कोणी १८ वर्षांखालची वाटली तर आधार पाहा, आणि वय कमी निघालं तर तिला मंचावर चढवू नका. तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही ते लपवणं हा मुलांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. कलावंतांचे फोन, आधार कार्डं किंवा पैसे ठेकेदाराने स्वतःकडे अडकवून ठेवले असतील, तर तो करार राहत नाही, बळजबरी होते. तिथे ११२ किंवा महिलांसाठीचा १८१, आणि मूल असेल तर १०९८ हे क्रमांक लावा.

आता कायदा, कारण या बाबतीत गावात फार मोठा गैरसमज आहे. गावाच्या मते मोठा गुन्हा बाईचा, कारण तिने तोकडे कपडे घातले. तिचा हात धरणाऱ्याने ‘थोडी मस्ती’ केली. भारतीय न्याय संहितेत उलटं लिहिलं आहे. सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य, कलम २९६: जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनयभंगाच्या हेतूने बाईवर बळाचा वापर, कलम ७४: कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त पाच वर्षं. नकोसा स्पर्श किंवा शरीरसुखाची मागणी, कलम ७५: तीन वर्षांपर्यंत. कपडे बदलताना चोरून पाहणं किंवा चित्रण करणं, कलम ७७: पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं. घागऱ्याखाली मोबाइल धरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आहेच: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातल्या कोणत्याही कलमात ‘बाई नाचणारी नसावी’ अशी अट नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर उमरेड भागातल्या एका रिसॉर्टवरच्या नाचाचं प्रकरण आलं होतं. तोकडे कपडे घालून नाचणं आणि हावभाव करणं एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, असं सांगून खंडपीठाने तो नाच पाहणाऱ्या पुरुषांवरचा गुन्हा रद्द केला. त्या निकालाने पुरुष सुटले, याचा आनंद अनेकांनी मानला. त्याच निकालाचा दुसरा अर्थही तेवढ्याच मोकळेपणाने घ्या: कपडे आणि हावभाव एवढ्यावरून नाचणारीही गुन्हेगार ठरत नाही. रात्री पोलीस आले आणि समिती मागच्या वाटेने पसार होऊन मुलींना पुढे करत असेल, तर हेही माहीत असू द्या की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अपवादात्मक प्रसंगी दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी आणि महिला अधिकारी लागते. चौकशीला समितीच्या अध्यक्षाने करार हातात घेऊन उभं राहिलं पाहिजे.

मंच ही कलावंतांची कामाची जागा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित कामालाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, किंवा तक्रार खुद्द ठेकेदाराविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत करता येते. हा मजकूर मंचामागे, कपडे बदलायच्या खोलीत, मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लावा. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातूनही मुली येतात.

शंकरपट समित्यांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. तेव्हापासून जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची वैद्यकीय तपासणी, चाबूक-काठी बंद, हे सगळं तुम्ही शिकलात आणि करता. बैलाला मारता येणार नाही हे पटावर माइकवरून सांगितलं जातं. त्याच पटाच्या रात्री येणाऱ्या आठ बायांसाठी एक ओळ कागदावर नसते. तुम्हाला जमत नाही असं नाही. कोणी मागितलं नाही म्हणून केलं नाही. आम्ही मागतो आहोत.

नाचणारी बाई म्हणजे उपलब्ध बाई, हे आपल्या भागाने काही कायमचं मानलेलं नाही. गडचिरोलीत रेला नाचताना गोंड-माडिया बाया-पुरुष एकाच गावच्या अंगणात रात्रभर नाचतात. तिथे कोणी नोटा दाखवत नाही. दंडारीत बाईचं काम पुरुष करत आले, झाडीपट्टीच्या नाटकातही एके काळी पुरुषच नायिका होत. साडी नेसून नाचणाऱ्या त्या पुरुषाला गावाने गुणी कलावंत म्हटलं, त्याच्या घरी सोयरीक करायला कोणी मागेपुढे पाहिलं नाही. त्याच मंचावर बाई उभी राहिली आणि तिच्याबद्दलची भाषा बदलली. जो माणूस तिच्यासाठी शंभराची नोट काढतो तोच दुसऱ्या दिवशी पुतणीला शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचू देत नाही, कारण ‘लोक काय म्हणतील’ हे त्याला चांगलं माहीत असतं: रात्री तो स्वतःच ते म्हणत होता. माहेरी आलेल्या लेकींसाठी भरणाऱ्या मंडईत असा एक मंडप उभा राहतो जिथे त्याच लेकींना पाय टाकता येत नाही, आणि त्याची वर्गणी मात्र त्यांच्या बापाच्या धानातून गेलेली असते.

त्यामुळे ज्या कार्यक्रमाला गावातल्या बाया बसू शकणार नाहीत तो गावाच्या वर्गणीतून ठेवू नका. बायांची बैठक मंचासमोर एका बाजूला, अर्ध्या मंडपाइतकी, वेगळ्या वाटेची ठेवा. मागे किंवा टोकाला ठेवली तर पहिल्या तासात त्या उठून जातात आणि मग ‘बायाच येत नाहीत’ असं सांगितलं जातं. बाया बसलेल्या मंडपात निवेदकाची जीभही आपोआप सांभाळून चालते.

ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. दिवाळीआधीच्या त्या सभेत मंडईचा रात्रीचा कार्यक्रम हा विषय घ्या. ठेकेदाराचं नाव, कराराचा मसुदा, मंडपाचा नकाशा आणि खर्चाचा अंदाज तिथे ठेवा, आणि तो ठराव झाल्याशिवाय सरपंचांनी ना-हरकतीवर सही करू नये. आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. अनेक गावांत ती सही बाईच करते आणि कार्यक्रमाला तिला बोलावलं जात नाही. या वर्षी तिने सही करण्याआधी करार मागावा, कपडे बदलायची खोली स्वतः जाऊन पाहावी, आणि पहिल्या गाण्याला बल्ल्यांमागच्या पहिल्या रांगेत बसावं.

आपले,
झाडीपट्टीच्या मंचावर आणि मंचामागे काम करणारे काही कलावंत व कामगार